डोळ्याला न दिसणारे

मुखेडला आमच्या वस्तीत पावसाळा लागला की घराघरातून एखादे लेकरू हगवणीने आडवे पडायचे. एका आषाढात आमच्या धाकट्याला जुलाब लागले. दुपारपर्यंत डोळे खोल गेले, जीभ कोरडी पडली. आजी म्हणाली, "पाणी पाजू नका, जुलाब वाढतेत." शेजारची मावशी म्हणाली, "नजर लागली, मीठ-मिरच्या उतरून टाका." माय दोघींच्या मध्ये नुसती उभी.

शेवटी नर्सबाई आल्या. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून त्यांनी घोटघोट पाजायला लावले. रात्री पोराने लघवी केली, तेव्हा मायने पदर डोळ्याला लावला.

बाई म्हणाल्या, "नजर नाही माय, जंतू आहेत. तुमच्या हंड्यातच." हंडा तर लख्ख घासलेला! पण त्यात बुडणारे आमचे हात? त्या दिवसापासून घरात लांब दांड्याचे वगराळे आले आणि जेवणाआधी, संडासहून आल्यावर साबणाने हात धुण्याची शिस्त लागली.

आम्हाला नवल वाटते ते वेगळेच. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आमच्या सावलीचा विटाळ मानला, त्यांच्याही घरात पटकी शिरलीच. जंतूला जात कळत नाही. १८९७ साली पुण्यात प्लेग पसरला तेव्हा सावित्रीबाई फुल्यांनी रोग्यांना जवळ केले. मुंढव्याच्या आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात नेले, आणि १० मार्चला प्लेगनेच त्यांचा बळी घेतला. त्याच वर्षी १० जानेवारीला मुंबईत डॉ. हाफकिन यांनी आपली प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने उभी आहे. लस तेव्हा घरोघर पोचली असती तर!

पण सगळेच जंतू वैरी नव्हेत. रात्री विरजण लावले की सकाळी दही होते, ज्वारीचे पीठ आंबले की आंबील होते, ती त्यांचीच करणी. हरभऱ्याचे रोप उपटून पाहा, मुळांवर गाठी दिसतील. त्यातले रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र पिकाला देतात. म्हणून आम्ही पेरणीआधी गुळाच्या पाण्यात जिवाणू संवर्धक कालवून बियाण्याला चोळतो आणि सावलीत सुकवतो. पेनिसिलीन तर बुरशीपासूनच मिळाले. ते आपल्या देशात बनावे म्हणून १९५४ साली पिंपरीला सरकारी कारखाना स्थापन झाला. मात्र अशी औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत आणि दिलेला डोस अर्ध्यात सोडू नये. नाहीतर जंतू औषधालाच सरावतात.

आता ओआरएसची पुडी आशाताईंकडे मिळते. तरी लेकरू मलूल पडले, पाणीही पिईना, तर क्षणभरही थांबू नका, दवाखाना गाठा. आजी शेवटपर्यंत म्हणायची, "जंतू कुठं दिसतेत?" पण नातवंडांना प्यायला पाणी देताना हंड्यात हात न बुडवता वगराळेच उचलायची. आम्हाला तेवढे पुरे होते.