भावाचा रकाना

‘घोडामैदान जवळच आहे’ या म्हणीत एक माणूस कमी आहे, असं मला काही दिवसांपासून वाटत राहिलं आहे. घोडा आहे, मैदान आहे, दोघांमधलं अंतरही थोडंच आहे. म्हण ऐकवणारा आहे आणि ऐकून घेणाराही. पण ज्याचे पैसे त्या घोड्यावर लागले आहेत तो कुठे उभा आहे? त्याला म्हणीनं जागाच ठेवलेली नाही.

म्हणीमागचं चित्र मी माझ्यापुरतं असं रंगवतो. सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरली आहे, घोड्यांचा बाजार लागला आहे. विकणारा रेवाळ चालीचं कौतुक सांगतो आहे. घेणारा दात बघतो, खूर उचलून बघतो, अंगावरचे भोवरे तपासतो आणि तरीही मान हलवतो. बोलणं वाढत जातं. शेवटी बाजूला उभा असलेला कुणीतरी म्हणतो, अरे वाद कशाला, घोडा इथं आहे, मैदान समोर आहे. मग घोडा पळवून बघतात आणि वाद मिटतो. म्हण इथून आली असं मी म्हणत नाही, पण ती ऐकली की मला हेच दिसतं. तिचा केवढा विश्वास आहे मैदानावर! एकदा पळवला की घोडा काय आहे ते कळणार, बोलणाऱ्यांची तोंडं बंद होणार. निवडणुकीला, कुस्तीला, दहावीच्या निकालाला आपण ही म्हण लावतो ती याच विश्वासानं. बोलणं जिथं संपतं अशी एक जागा जगात आहे, ही कल्पनाच किती धीर देणारी आहे.

माझी मामी ही म्हण रविवारी सकाळी म्हणायची. मामा ‘कोल’ उघडून बसलेले असायचे. रेसच्या त्या पुस्तकाला सगळे कोलच म्हणायचे. कानावर पेन्सिल, मांडीवर वही. मामी चहाचा कप ठेवायची आणि म्हणायची, घोडामैदान जवळच आहे. ते खरंच जवळ होतं. डिलाइल रोडच्या चाळीतून महालक्ष्मीला मामा चालत जायचे. तिच्या आवाजात टोमणा होता, काळजी होती की नवऱ्याच्या विद्येचा थोडासा अभिमान, हे मी पुष्कळदा आठवून पाहिलं. तिन्ही बसतात.

आता मैदानाचं बघू. स्क्वांडरर नावाचा एक घोडा सत्तरच्या दशकात होऊन गेला. एकोणीस वेळा पळाला आणि अठरा वेळा जिंकला. आपल्याकडच्या मैदानांवर त्याच्यासारखे फार थोडे झाले. मी विचार करतो तो त्या उरलेल्या एका शर्यतीचा. त्या दिवशी ज्यांनी त्याच्यावर पैसे लावले त्यांचं काय चुकलं? त्यांना घोडा बरोबर कळला होता. बाकीच्या सगळ्या शर्यती त्यांच्या बाजूनं साक्ष देतात. तरी त्यांचे पैसे गेले. आणि ज्यानं त्या दिवशी दुसऱ्याच घोड्याचं तिकीट काढलं, नाव आवडलं म्हणून किंवा जॉकीच्या सदऱ्याचा रंग आवडला म्हणून, तो खिडकीवर पैसे मोजून घेऊन गेला. म्हणीच्या हिशेबानं मैदानानं निवाडा दिला. पण निवाडा कशाचा?

त्यात रेसकोर्सवरचं मैदान सारंगखेड्याच्या मैदानासारखं मोकळं नसतं. बहुतेक शर्यती हँडिकॅपच्या असतात. प्रत्येक घोड्याला त्याच्या आजवरच्या कामगिरीवरून रेटिंग मिळतं आणि त्या रेटिंगप्रमाणे पाठीवर वजन चढतं, एका गुणाला अर्धा किलो. जॉकी हलका असला तर खोगिराखाली शिशाच्या पट्ट्या घालून वजन पुरं करतात. चांगल्या घोड्यानं जास्त ओझं वाहायचं, कमी ताकदीच्यानं कमी. हँडिकॅपर मनात जे चित्र धरून वजनं ठरवतो त्यात सगळे घोडे एकाच क्षणी रेषेवर पोचतात. म्हणजे घोड्याचा कस लागावा म्हणून मैदान, आणि तो कस झाकला जावा म्हणून हा अधिकारी. दोघं एकाच संस्थेच्या कुंपणाच्या आत काम करतात. मला यात लबाडी दिसत नाही. उलट जिंकत आलेल्यावर भार चढवायचा ही मला जगातल्या फार थोड्या न्याय्य व्यवस्थांपैकी एक वाटते. पण असल्या मैदानावर शेवटी नाकभर अंतरानं जो पुढे राहतो, त्याच्याबद्दल नेमकं काय सिद्ध होतं?

मामांच्या वह्या आता माझ्याकडे आहेत. घोड्याचं नाव, वय, अंतर, वजन, जॉकी, ट्रेनर, कितव्या गेटमधून सुटला, मैदान कोरडं की ओलं, किती लांबीनं मागे पडला. पावसाळ्यात मुंबईचा सीझन नसतो तेव्हा पुण्याच्या शर्यतींच्या नोंदी, वर्तमानपत्रावरून उतरवलेल्या. समासात बारीक अक्षरात शेरे: ‘वळणावर कोंडला’, ‘शेवटच्या दोनशे मीटरला दम आहे’, ‘हा लांब अंतराचा घोडा, उगाच बाराशेला पळवतात’. मामा गिरणीत साच्यांवर होते. सुताचा एक धागा तुटला तर कापडात कुठे काय होईल हे आवाजावरून ओळखणारा माणूस. तीच नजर वहीत दिसते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्या फेब्रुवारीतल्या इंडियन डर्बीची नोंद वहीत आहे, नेहमीच्याच अक्षरात, नेहमीच्याच रकान्यांत. पगार थांबला होता, नोंद थांबली नव्हती.

या वह्यांत पैशाचा आकडा कुठेच नाही. काय लावलं, काय आलं, काय गेलं, काही नाही. आणि भावाचा रकानाही नाही.

रेस खेळणाऱ्याला हे ऐकून धक्का बसेल. कारण तिथं भाव हेच सगळं. टोटवर, म्हणजे क्लबच्या तिकीटखिडक्यांवर, जमलेल्या पैशातून सरकारचा कर आणि क्लबचा वाटा काढला की उरलेली रक्कम बरोबर तिकीटवाल्यांत वाटली जाते. तुमचं उत्तर बरोबर असेल, पण तेच उत्तर सगळ्यांनी दिलं असेल तर हातात येतात दमड्या. टोटचं स्वयंचलित यंत्र जॉर्ज ज्यूलियस या ऑस्ट्रेलियन इंजिनिअरनं बनवलं आणि १९१३ मध्ये न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या एलर्स्ली रेसकोर्सवर ते पहिल्यांदा बसलं. मुळात त्यानं ते मतमोजणीसाठी कल्पिलं होतं, सरकारनं घेतलं नाही म्हणून ते घोड्यांकडे वळलं. मला हे अगदी जुळलेलं वाटतं. टोटच्या फलकावरचा भाव म्हणजे स्टँडमधल्या हजारो माणसांचं मतदानच. त्यांचं मत जिथं चुकलेलं आहे ती जागा हेरायची. घोडा ओळखणं हे त्यातलं अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या माणसाची चूक ओळखणं.

इथं मला नळराजा आठवतो. शाळेत तो भेटला होता हंसामुळे आणि स्वयंवरामुळे. द्यूताचा भाग पुढे कधीतरी वाचला. नळ घोड्यांचा अद्वितीय जाणकार. त्याला अश्वहृदय अवगत होतं. तोच नळ भाऊ पुष्कराशी फासे खेळतो आणि राज्य घालवून बसतो. घोड्यांची एवढी विद्या त्याच्या कामी येत नाही. मग वनवास, दमयंतीला झोपेत सोडून जाणं, कर्कोटकाचा दंश, कुरूप शरीर, आणि अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे बाहुक नावानं सारथ्य. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराचा निरोप येतो, उद्याच, विदर्भात. बाहुक रथ असा हाकतो की राजाचं उपरणं खाली पडलं, तो थांब म्हणाला, तोवर ते योजनभर मागे राहिलेलं असतं. राजा चकित होतो, आणि त्याला आपलीही विद्या दाखवावीशी वाटते. वाटेतल्या बेहड्याच्या झाडाकडे नुसती नजर टाकून तो त्याच्या दोन फांद्यांवरची पानं आणि फळं सांगतो: फळं २०९५.

यानंतर नळ जे करतो ते मला विलक्षण वाटतं. उशीर होत असताना, आपलीच बायको दुसऱ्याची होईल अशी धास्ती असताना, तो रथ थांबवतो आणि म्हणतो, झाड तोडून मोजल्याशिवाय मी मानणार नाही. राजा विनवतो, चल, वेळ नाही. नळ ऐकत नाही. झाड पाडतो, फळं मोजतो. आकडा तंतोतंत जुळतो. घोडामैदान जवळच होतं, आणि त्यानं ते गाठून पाहिलं. मग देवघेव ठरते: राजानं अक्षहृदय, म्हणजे फाशांची आणि मोजण्याची विद्या, द्यायचं, नळानं अश्वहृदय. राजा आपली विद्या लगेच देतो आणि घोड्यांची विद्या सध्या तुझ्याकडेच ठेव म्हणून ठेवायला सांगतो. अक्षहृदय मिळताच नळाच्या अंगात शिरून त्याला द्यूतात हरवणारा कली कर्कोटकाचं विष ओकत बाहेर पडतो आणि त्याच बेहड्यात शिरतो. जुन्या काळी फासे म्हणून बेहड्याचीच फळं खेळत.

इतकी वर्षं ही गोष्ट मी नळ शहाणा झाला अशी वाचत आलो. पण पुढे काय होतं? तो परत जाऊन पुष्कराला पुन्हा खेळायलाच बोलावतो, आणि एका डावात सगळं परत मिळवतो. जुगारानं घालवलेलं जुगारानंच येतं. आणि ही गोष्ट सांगितली जाते ती कुणाला? वनात बसलेल्या, सगळं हरलेल्या युधिष्ठिराला. बृहदश्व ऋषी त्याला ती ऐकवतात आणि वर अक्षहृदयही शिकवतात. फासे सोड असं सांगत नाहीत. नीट मोजायला शिकवतात. हा उपदेश मला कळतही नाही आणि सोडवतही नाही. रेसकोर्सवरच्या माणसाला नेमक्या याच दोन विद्या लागतात, घोड्याची आणि मोजण्याची. मामांकडे पहिली होती, हे वह्यांच्या पानापानांवर दिसतं. दुसरी त्यांच्याकडे नव्हती, की तिला त्यांनी जाणूनबुजून दारात उभं केलं नाही?

सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये मद्रास रेस क्लबच्या प्रकरणात सांगितलं की घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, नशिबाचा नव्हे. घोड्याचं कूळ, त्याची तयारी, जॉकीचं कसब, हे सगळं अभ्यासून ठरवता येतं. मामा हयात असते तर त्यांना किती बरं वाटलं असतं! दुसरीकडे करआकारणी शर्यतीला लॉटरी आणि कॅसिनोच्याच रांगेत बसवते. सप्टेंबर २०२५ पासून या कराचा दर ४० टक्के आहे. मला न्यायालयाचं म्हणणं पटतं, आणि पटतं म्हणूनच ते जड जातं. नशिबानं हरलेल्या माणसाच्या पाठीवर निदान हात तरी ठेवता येतो. पण खेळ कौशल्याचा असेल तर हरणारा प्रत्येक जण कमी पडलेला ठरतो. पगाराच्या दिवशी दाराशी सावकार उभा असलेली घरं मी पाहिली आहेत. बायकोच्या डोरल्यातले मणी एक एक करून गेलेले पाहिले आहेत. घरच्या पिठामिठाचा पैसा घोड्यावर लावणं मला क्षम्य वाटत नाही, त्यामागे केवढीही विद्या असो. मामांच्या घरी असं काही झालं नाही. निदान मला दिसलं नाही. एखाद्या रविवारी रात्री सुरमई आणि मामीला गजरा यायचा, एखाद्या रविवारी मामा न जेवता भिंतीकडे तोंड करून झोपायचे. सुरमई शर्यतीची होती की पगाराची, हे कुणी विचारत नसे.

आणि घोडा? पुण्याच्या पूनावाला स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे परळच्या हाफकिन संस्थेला दिले जात. घोड्याला विषाची थोडी थोडी मात्रा टोचतात, त्याचं शरीर त्यावर उतारा तयार करतं आणि त्याच्या रक्तातून प्रतिविष मिळतं. धनुर्वातावरची, सर्पदंशावरची औषधं अशी होत. घोडे आपले, तर औषध आपणच का करू नये, या विचारातून १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. मैदानावरचं काम संपलेल्या जनावराच्या रक्तानं कोकणातला साप चावलेला एखादा पोर वाचला असेल. त्या घोड्याचा कस कुठल्या मैदानावर लागला म्हणायचा? स्वतःच्या इच्छेनं तो ना तिथं पळाला होता ना इथं उभा राहिला होता. हा विचार आला की मामांच्या विद्येवरचं माझं प्रेमही डळमळतं.

जुन्या वर्तमानपत्रांत शर्यतीचे निकाल डिव्हिडंडसकट छापून यायचे. ग्रंथसंग्रहालयात बसून फायली चाळल्या तर मामांच्या वह्यांमधला भावाचा रकाना मला भरता येईल. त्यांना पसंत असलेल्या घोड्यांखाली पेन्सिलीची रेघ आहेच. ते जिंकले असते की हरले असते, हा हिशेब मग निघेल. मी दोनदा निघालो आणि दोन्ही वेळा परत फिरलो. आकडा चांगला निघाला तर मामांना विद्या होती असं म्हणेन, वाईट निघाला तर मैदानाला काही कळत नाही असं म्हणेन, हे मला आत्ताच दिसतं आहे. आणि रेघ मारलेल्या घोड्यावर त्यांनी खरंच पैसे लावले होते का, हे तर कुठल्याच फायलीत मिळणार नाही. मामीला ठाऊक असेल. अजून तरी मी तिला विचारलेलं नाही.