शहर पाहावें निवडून

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, अशी आपल्याकडे म्हण आहे. या दोन्ही प्रसंगीं माणसाची आणि त्याच्या थैलीची परीक्षा होते, हा तिचा अर्थ. ज्या घरांतील मुलगा इंजिनियर होऊन परदेशीं नोकरी करितो, त्या घरानें हल्ली या म्हणीस तिसरा चरण जोडावयास हरकत नाहीं: शहर पाहावें निवडून. घर मनासारखें उतरलें नाहीं तर एखादी भिंत पाडतां येते. शहर मनासारखें निघालें नाहीं तर त्याचा त्रास मुलाबाळांसह सर्वांना सोसावा लागतो.

गेल्या चातुर्मासांत हा प्रश्न आमच्याच घरीं आला. आमचा पुतण्या नांदेडच्या श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्थेंतून शिकून बाहेर पडला. ही संस्था १९८१ सालीं निघाली, आणि तेव्हांपासून आमच्या भागांतील कित्येक घरांना परदेशचा रस्ता तिच्याच दारांतून फुटला. पुतण्या गेलीं चार वर्षें कॅलिफोर्नियांतील सॅन होझे येथें नोकरीस आहे. गेल्या वर्षीं त्याचें लग्न लातूरच्या मुलीशीं झालें. सूनबाई स्वतः स्थापत्य इंजिनियर असून पुण्यास पाणीपुरवठ्याच्या योजनांचें काम करिते. ती त्याच्याकडे जाण्याच्या तयारींत होती, तोंच त्याला दुबईहून आणि जर्मनींतील स्टुटगार्टहून नोकरीचीं बोलावणीं आलीं. बिऱ्हाड कोणत्या शहरीं थाटावें, असें त्यानें सर्व घराला विचारलें.

मग अशा वेळीं घरांत जें घडतें तेंच आमच्याकडे घडलें. दादांनीं, म्हणजे मुलाच्या वडिलांनीं, पगाराचा तक्ता मांडला. वहिनींनीं ज्वारीचें पीठ कोठें मिळतें आणि गणपति कोठें बसतो, याची चौकशी आरंभिली. धाकट्या मंडळींनीं फोनवर तिन्ही शहरांचीं चित्रें पाहून घेतलीं. शहाऐंशी वर्षांच्या आमच्या मातोश्रींनीं एकच विचारलें, "येण्यास किती वेळ लागतो?" सूनबाई त्या दिवशीं फारसें बोलली नाहीं.

मराठवाड्यांतील घरांना हा प्रश्न तसा नवा नाहीं. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत नांदेड व लातूर हीं दोन्ही गांवें निजामाच्या राज्यांत होतीं. शिकण्यासाठीं हैदराबादेस जावें कीं पुण्यास, हें आमच्या आजोबांच्या पिढीला ठरवावें लागे. हैदराबादेस राजधानी होती, सरकारी नोकरी होती. पण १९१८ सालीं निघालेल्या उस्मानिया विद्यापीठांत शिक्षण उर्दूंतून होतें. पुण्यास मराठी होती. पण तो इंग्रजांचा मुलूख, तेथें आपलें हाली नाणें चालत नसे. सात हाली रुपये मोजावे, तेव्हां सहा कळदार हातीं येत. भाषा आपली हवी तर नाणें परकें, आणि नाणें आपलें हवें तर भाषा परकी! आमच्या नात्यांतील ज्यांनीं हैदराबाद धरलें, त्यांचीं नातवंडें आज आपसांत तेलुगु बोलतात. ज्यांनीं पुणें धरलें, त्यांचीं नातवंडें नांदेडला नुसतें 'गांव' म्हणतात. यांत वाईट कांहीं नाहीं. परंतु पहिल्या माणसानें पदवी किंवा नोकरी पाहून शहर ठरविलें, आणि न विचारतां नातवंडांची भाषाहि त्याबरोबर ठरून गेली, एवढें खरें.

पगाराकडे तुच्छतेनें पाहणें आम्हांस मान्य नाहीं. शिक्षणासाठीं काढलेलें कर्ज पगारांतूनच फिटतें. परंतु पगाराचा आंकडा एकटा कांहींच सांगत नाहीं. दुबईस पगारावर प्राप्तिकर नाहीं, म्हणून रक्कम सबंध हातीं येते. पण बाहेरून आलेल्यांचीं मुलें बहुधा खाजगी शाळांत जातात आणि त्यांची फी बापाला भरावी लागते. स्टुटगार्टास कर आणि विम्याचे हप्ते पगाराचा मोठा वांटा आधींच कापून नेतात. पण सरकारी शाळेस फी नाहीं, आणि आजारपणाचा बहुतेक खर्च विमा सोसतो. सॅन होझेचा पगार तिहींत मोठा, आणि घरभाडेंहि तिहींत मोठें. हा सर्व हिशेब दादांनीं उत्तम केला होता.

तरी आमच्या मतें त्या तक्त्यांत एक रकाना राहून गेला होता. इंजिनियर ज्या शहरांत राहतो, तें शहर सर्वांत कमी पाहतो तो स्वतःच. सकाळीं तो घरून निघतो, दिवसभर यंत्रांत किंवा आंकड्यांत बुडालेला असतो, आणि दिवेलागणीस परततो. त्याची कचेरी दुबईस असो कीं सॅन होझेस, आंतून जवळजवळ सारखीच. शहराशीं खरा संसार करावा लागतो तो त्याच्या पत्नीला आणि मुलांना. दुपारचे चार तास कसे जातील, आजारी मूल घेऊन कोणाकडे धांवावें, शेजारणीशीं कोणत्या भाषेंत बोलावें, हे प्रश्न पगाराच्या तक्त्यांत येत नाहींत. पगार एकट्याचा असतो, पण शहर सर्व बिऱ्हाडाचें असतें. तेव्हां पहिलें मत सूनबाईचें घ्यावें, असें आम्हीं सुचविलें. दादांना हें प्रथम रुचलें नाहीं. परंतु वहिनींना चाळीस वर्षांपूर्वीं बदलीच्या गांवीं काढलेल्या दुपारी आठवल्या, आणि त्यांनीं आमची बाजू घेतली.

आठ दिवसांनीं सूनबाई लातुराहून आली ती एक टिपण घेऊनच. अमेरिकेंत भाषेची अडचण नाहीं, अडचण परवान्याची आहे, असें तिनें दाखविलें. एच-१बी परवान्यावर काम करणाऱ्याच्या पत्नीला नोकरीची मोकळीक नसते. २०१५ पासून कांहीं जणींना ती मिळूं लागली. पण सामान्यतः नवऱ्याच्या ग्रीन कार्डासाठीं कंपनीनें केलेला अर्ज एका टप्प्यापर्यंत मंजूर झालेला असला तरच. शिवाय नोकरीच्या मार्गानें मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत एका देशास सामान्यतः शेंकडा सात हीच मर्यादा, म्हणून भारतीयांची रांग कित्येक वर्षांची झाली आहे. जर्मनींत उलटा प्रकार. ब्लू कार्डावर गेलेल्या इंजिनियराच्या पत्नीला आरंभापासून नोकरी करतां येते, आणि पुरेशी जर्मन आलेल्या ब्लू कार्डवाल्यास एकवीस महिन्यांनीं कायम वास्तव्याचा परवाना मिळूं शकतो. पण तेथील पाणीपुरवठ्याच्या कचेरींत बसावयाचें तर जर्मन बोलतां-लिहितां आलें पाहिजे. दुबईस इंग्रजीवर भागतें, आणि मालकानें परवाना काढला कीं पत्नीसहि काम करतां येतें. पण बहुतेकांचें वास्तव्य नोकरीच्या खुंटीला बांधलेलें. नोकरी सुटली कीं ठराविक मुदतींत दुसरी पाहावी, नाहींतर गाशा गुंडाळावा.

"काका, तिन्ही दारांना एकेक कुलूप आहे," ती म्हणाली. "त्यांतल्या एकाचीच किल्ली माझ्या हातांत आहे. भाषा मला शिकतां येईल. परवाना आणि मुदत माझ्या शिकण्यानें मिळणार नाहीं."

लातूरची मुलगी पाण्याविषयीं विचारल्याशिवाय कशी राहील? २०१६ च्या उन्हाळ्यांत मांजरा धरण आटलें आणि लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. १२ एप्रिल रोजीं पहिली गाडी पोंचली, तींत सुमारें पांच लक्ष लिटर पाणी होतें. सूनबाई तेव्हां अकरावींत होती आणि टँकरच्या रांगेंत घागर घेऊन उभी राहत असे. ती गाडी ज्या मार्गानें आली, तो मुळांत बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद लोहमार्ग. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नांवाच्या इंग्रज इंजिनियरानें, म्हणजे परदेशीं काम करणाऱ्या एका माणसानेंच, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचा पाया घातला. आतां तो रुंद झाला आहे. आपण गेल्यावर आपलें काम कोणाच्या घागरींत पडेल, हें इंजिनियराला कधींच सांगतां येत नाहीं. सूनबाईच्या टिपणांत तिन्ही शहरांचें पाणीहि होतें. दुबई समुद्राचें खारें पाणी गोडें करून पिते. स्टुटगार्टास बरेंचसें पाणी शंभराहून अधिक किलोमीटरांवरच्या बोडेन सरोवरांतून नळानें येतें. कॅलिफोर्नियांत २०१५ सालीं दुष्काळामुळें शहरांतील वापर शेंकडा पंचवीस कमी करण्याचा हुकूम निघाला होता. "कोणतेंच शहर आपल्या अंगणांतल्या पाण्यावर जगत नाहीं, उगीच आमच्या लातुराला नांवें ठेवतात," असें तिनें म्हटलें, तेव्हां दादाहि हंसले.

उरला मातोश्रींचा प्रश्न. त्याचा अर्थ घरांत सर्वांना ठाऊक होता, पण मोठ्यानें कोणी बोलत नव्हतें. कांहीं बरें-वाईट झालें तर मुलगा वेळेवर पोंचेल काय? दुबईहून हैदराबादेस विमानानें सुमारें चार तास, पुढें आगगाडीनें पांच-सहा. सकाळीं निघालेला मुलगा रात्रीं नांदेडास येऊं शकतो. स्टुटगार्टाहून एक दिवस-रात्र धरावी. सॅन होझेहून दाराशीं येईपर्यंत दीड ते दोन दिवस. "दहाव्यापर्यंत कोठूनहि येतां येतें," असें दादा बोलून गेले. त्यावर मातोश्री शांतपणें म्हणाल्या, "दहाव्याला मी नसणार, मला त्याचें काय? मी आहें तोंवर वर्षांतून एकदां येऊन चार दिवस निवांत राहील, असें शहर पाहा."

त्यांच्या या बोलण्यानें अंतर मोजण्याची रीतच बदलली. अंतर मैलांनीं मोजूं नये, रजेनें मोजावें. अमेरिकेंत खाजगी नोकरांस पगारी रजा द्यावी, असा देशव्यापी कायदा नाहीं. शिवाय पारपत्रावरील व्हिसाचा शिक्का संपला असेल तर परत जातां येईल कीं नाहीं, या धास्तीनें कित्येक मुलें येण्याचेंच लांबणीवर टाकतात. जर्मनींत पांच दिवसांच्या आठवड्यास वर्षांतून निदान वीस दिवसांची पगारी रजा कायद्यानें मिळते, आणि पुष्कळ कंपन्या त्याहून अधिक देतात. दुबईस एक वर्ष नोकरी झाली कीं वर्षाकांठीं तीस दिवस मिळतात. घड्याळाचाहि विचार हवा. सॅन होझे हिंवाळ्यांत आपल्या साडेतेरा तास मागें. तेथें एकाची झोप मोडल्याशिवाय दुसऱ्याशीं सावकाश बोलणें कठीण. स्टुटगार्ट साडेचार तास मागें, आणि दुबई अवघी दीड तास. नांदेडास देवापुढें सांजवात लागते, तेव्हां स्टुटगार्टास दुपार असते. आजीनें नातवाला हांक मारण्यास ही वेळ वाईट नाहीं.

या सर्व विचारांनंतर त्या दोघांनीं स्टुटगार्ट ठरविलें. सूनबाईनें पुण्यास जर्मन भाषेच्या वर्गांत नांव घातलें आहे. निदान वर्षभर एकाच्याच पगारावर संसार होईल, आणि तिच्या हातचें काम तेवढे दिवस थांबेल, हें तिला माहीत आहे. मुंबई आणि स्टुटगार्ट हीं १९६८ पासून भगिनी-शहरें आहेत, हें ऐकून वहिनींना फार बरें वाटलें. मुलगा मावशीकडे राहावयास गेला, असें त्या आतां शेजारीं सांगतात.

यामुळें सर्व प्रश्न सुटले, असें आम्ही म्हणत नाहीं. भेटीच्या व्हिसावर आईबापांना तेथें राहतां येतें तें एकशें ऐंशी दिवसांत नव्वद दिवस. कायमचें नेणें सोपें नाहीं. दादांना सदुसष्टावें लागलें आहे. ते थकतील तेव्हां काय, याचें पुरें उत्तर तिन्ही शहरांपैकीं एकानेंहि दिलें नाहीं. तें नांदेडासच तयार केलें पाहिजे. आम्हां भावांचें मुलासमक्ष असें ठरलें कीं, दवाखाना व औषधपाणी आमच्याकडे; खर्चाचा ठराविक भाग त्यानें दरमहा पाठवावा; आणि रजेचे दिवस लग्नकार्यांच्या धांवपळींत न घालवितां वडीलधाऱ्यांजवळ बसून काढावे. या गोष्टी भिडेस्तव न बोललेल्या कित्येक घरांत पुढें मनें दुखावलेलीं आम्हीं पाहिलीं आहेत.

ज्या वाचकांच्या घरीं असा प्रसंग आला असेल, त्यांना आमची एवढीच विनंती आहे. जी त्या शहरांत दिवस काढणार तिला आधीं विचारावें, आणि शहरांच्या यादींत आपलें गांवहि लिहावें. मुलाला परदेशचें शहर निवडतां येतें, तें गांवीं कोणी तरी दिवा लावून राहतें म्हणून. गोदेकांठीं राहिलेल्यांना त्यांची निवड कोणी विचारीत नाहीं. परंतु तीहि निवडच असते. आम्हीं नांदेड निवडलें आहे, आणि त्याबद्दल आमची कांहीं तक्रार नाहीं.