आडनाव काय म्हणालात?

पुण्यात भाड्याची खोली बघायला गेलेल्या माणसाला घरमालकाने दोनच प्रश्न विचारले. आडनाव काय, आणि घरात मटण-मासे शिजतात का? रंगाबद्दल अवाक्षर नाही. त्या रात्री तो डायरी उघडून बसला. याला वंशवाद म्हणायचं, की नुसती खोड?

हाच वाद 2001 साली डर्बनला झाला. संयुक्त राष्ट्रांच्या वंशवादविरोधी परिषदेत दलित संघटनांनी जातीचा प्रश्न मांडला. भारत सरकारचं म्हणणं, जात म्हणजे वंश नव्हे. शास्त्र म्हणून ते चूक नाही. जातीचं मूळ वंशात आहे, हा सिद्धांत खुद्द बाबासाहेबांनी खोडून काढला होता.

गंमत पुढेच आहे. 1965च्या वंशभेदविरोधी करारात वंश आणि रंग यांच्या जोडीला ‘जन्मकूळ’ या अर्थाचा शब्द आला, तो भारताच्याच सूचनेवरून! त्यात जातही येते, असं कराराच्या समितीने 2002 मध्ये स्पष्ट केलं.

संस्कृतीचं नाव घेतलं की पूर्वग्रह सोवळं नेसून येतो. 2007 साली दिल्ली पोलिसांनी ईशान्येकडच्या विद्यार्थ्यांसाठी पुस्तिका काढली. बांबूचे कोंब, अखुनी (आंबवलेलं सोयाबीन) असे वासाचे पदार्थ शेजाऱ्यांना त्रास न होता शिजवा, असा त्यात सल्ला. चेहऱ्याचा उल्लेख करायची गरजच उरली नाही. व्याख्येत बसो न बसो, खोली शोधणाऱ्या त्या माणसाच्या मते पूर्वग्रहाची जात तीच, फक्त वाट स्वयंपाकघरातून.

खोली त्याला मिळाली नाही. ‘गावाहून पाहुणे येणार आहेत,’ असं मालकाने कळवलं. ‘खोली भाड्याने देणे आहे’ ही पाटी महिनाभर तशीच होती.