स्टेपनीची जागा

वाचकहो, भाषांतराच्या मेजावर बसणाऱ्या माणसाला मोटारीच्या चाकाविषयी लिहिण्याचा काय अधिकार, असे आपण विचाराल. अधिकार नाही; अनुभव मात्र आहे.

भिलाईस माझे मामा राहतात. पोलाद कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी जीपमागे जोडायचा दोन चाकांचा लहानसा ट्रेलर बांधून घेतला. आत दोघांच्या निजण्याची सोय, बाहेर स्वयंपाकाची फळी. स्टेपनी त्यांनी मागच्या दारावर लावली. जीपला तशी शोभते, एवढेच कारण.

(कोशात मी ‘जादा चाक’ लिहीन, पण गॅरेजात ते कोण ओळखणार? मोटारी जादा चाकाविना विकल्या जात त्या काळी, १९०४ साली, वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर अशी चाके होऊ लागली. त्या रस्त्याचे नाव आज आपल्या पंक्चरवाल्यांच्या तोंडी आहे.)

गेल्या दिवाळीनंतर आम्ही नवेगावबांधला निघालो. राजनांदगाव मागे पडले. बाघनदी येण्यापूर्वी एका उतारावर मालमोटारीने आम्हांस ओलांडले आणि तिच्या वाऱ्यासरशी ट्रेलर झुलू लागला. प्रत्येक झोका आधीच्याहून मोठा. जीपची मागची बाजूही तो ओढू लागला. मागच्या आसनावर मामांची सहा वर्षांची नात झोपली होती. मामांनी ब्रेक दाबला नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि चक्र सरळ धरून ठेवले. वेग उतरला तसा ट्रेलर शांत झाला. पुढे बराच वेळ कोणी बोलले नाही.

परतल्यावर मामांनी ट्रेलर धर्मकाट्यावर नेला. भरलेले वजन ३०० किलो. मग घरचा वजनकाटा जोडदांड्याच्या टोकाखाली ठेवला, तो १३ किलो दाखवू लागला. अशा ट्रेलरचा निदान दहावा हिस्सा भार पुढच्या जोडावर पडावा लागतो. मागे भार अधिक झाला की तो झुलतो. आमची १५ किलोंची स्टेपनी आसापासून १४० सेंटिमीटर मागे होती आणि जोड २१० सेंटिमीटर पुढे. म्हणजे ती एकटी पुढचा १० किलो भार उचलून धरीत होती! तीच आसापुढे १०५ सेंटिमीटरवर, दांड्यावर आणली की उलट साडेसात किलोंची भर पडते. मामांनी कागदावर बेरीज केली: साडेतीस.

वर्कशॉपातील मुलगा दांड्याला भोके पाडावयास निघाला होता. मामांनी त्यास थांबविले. ज्यावर सगळी ओढ येते ते पोलाद भोकांनी दुबळे का करावे? त्यांनी दांड्याला कवळणारे यू-बोल्ट घेतले. मग जीप दोन्ही अंगांना पुरती वळवून पाहिली. चाक कोठे घासत नव्हते. मागचा लाल दिवा आजवर स्टेपनीआड अर्धा झाकला जात होता, हे आम्हांस तेव्हा दिसले.

जानेवारीत आम्ही त्याच रस्त्याने पुन्हा गेलो. मालमोटारी ओलांडून गेल्या. मामा प्रत्येक वेळी आरशात पाहत, नात झोपलेली असे. मामींची मात्र तक्रार आहे: जीपचे मागचे दार आता अर्धेच उघडते, आणि फराळाचा डबा काढताना हात वाकडा करावा लागतो.