धाप : नाव एक, कारणे पाच

सातारा-सांगलीच्या आमच्या मुलुखात धाप लागणाऱ्या माणसाला सरसकट दमेकरी म्हणण्याची रीत आहे. आजाऱ्यांसाठी ख्रिस्तप्रसाद घेऊन घरोघरी जाताना अलीकडे मात्र डॉक्टरांच्या कागदांवर निराळेच नाव दिसते : पल्मनरी हायपरटेन्शन, म्हणजे फुप्फुसांतील उच्च रक्तदाब. दंडाला पट्टा बांधून मोजतात तो हा दाब नव्हे. हृदयाच्या उजव्या कप्प्यातून फुप्फुसांकडे रक्त नेणाऱ्या धमनीतला हा दाब. त्याची सरासरी २० मिलिमीटरहून अधिक झाली की आजार मानतात. पुढे उजवे हृदय थकते, पाय सुजतात, चर्चच्या चार पायऱ्याही डोंगरासारख्या वाटतात.

माझ्या परिचयाच्या दोन मावसबहिणींना हा आजार आहे. एक सातारकडची, दुसरी सांगलीची. थोरलीला गोळ्यांनी गुण आला, म्हणून धाकटीने त्याच गोळ्या मागवल्या. बहिणींची माया मोठी खरी, पण आजार एक नव्हता! थोरलीच्या फुप्फुसांतील बारीक धमन्याच जाड होऊन अरुंद झाल्या आहेत. हा पहिला प्रकार. सिल्डेनाफिलसारखे औषध त्या सैल करते. धाकटीला लहानपणी सांध्यांचा ताप आला होता आणि त्यातून हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप आवळली गेली. रक्त पुढे सरकत नाही, म्हणून मागे फुप्फुसांत तुंबते. हा दुसरा प्रकार. पाटाचे तोंड पुढे बुजलेले असताना मागून पाणी वाढवले तर काय होईल, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. त्या गोळ्यांनी धाकटीच्या फुप्फुसांत पाणी भरण्याचा धोका होता.

तिसरा प्रकार खुद्द फुप्फुसाच्या रोगाचा : विडी, चुलीचा धूर, जुना क्षय. मिरजेला डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिशनचे रुग्णालय उभारले. पुढे वानलेसवाडीला क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झाले. क्षय बरा होतो, व्रण मात्र राहतात. चौथा प्रकार फुप्फुसांत अडकून राहिलेल्या रक्ताच्या गुठळ्यांचा. निवडक रोग्यांत त्या शस्त्रक्रियेने काढता येतात, म्हणून तो ओळखणे फार मोलाचे. उरलेली संमिश्र कारणे पाचव्यात. ही पाचांची मांडणी १९९८ साली फ्रान्समधील एव्हियाँ येथील परिषदेत झाली.

धाकटीने गोळ्या घेण्यापूर्वी कागद डॉक्टरांना दाखवले, हे बरे झाले. झडप फुग्याने रुंदावायची की बदलायची, ते येत्या महिन्यात ठरेल.