खिचडी, खोकला आणि चौदा दिवस

पुण्या-मुंबईच्या मंडळींना वारंगा फाटा ठाऊक असण्याचं काहीच कारण नाही. तिथे मॉल नाही, मल्टिप्लेक्स नाही आणि 'वीकएंड डेस्टिनेशन' म्हणून कुणी त्याचं नावही घेणार नाही. पण नांदेडहून नागपूरला किंवा अकोल्याला निघालात की वारंगा लागणारच, बॉस! हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरी तालुक्यातलं हे गाव. इथून एक रस्ता हदगाव, उमरखेड करत यवतमाळ-नागपूरकडे पळतो आणि दुसरा कळमनुरी, हिंगोली, वाशीम करत अकोल्याकडे. आणि फाट्यावर मिळते खिचडी. ताप आल्यावर आई देते ती बिचारी, पातळ खिचडी नव्हे हं. पिवळीधम्मक, वाफाळती, सोबत तळलेली मिरची. आमच्याकडे लोक फाट्यावर खिचडीसाठी गाडी थांबवतात, पुढचा प्रवास नंतर.

21 फेब्रुवारी 2021, रविवार. त्या दिवशी मी तिथे रूमीला भेटले.

रूमी म्हणजे माझी पुण्यातली रूममेट. (खरं नाव वेगळं आहे, पण रूममेटची 'रूमी' झाली ती झालीच.) ती मूळची अमरावतीची, मी नांदेडची. 2020च्या मार्चमध्ये जनता कर्फ्यूच्या आधी आम्ही दोघी 'आठ-दहा दिवसांसाठी' म्हणून घरी आलो. माझ्या बॅगेत चार टी-शर्ट होते, तिच्या बॅगेत लॅपटॉप आणि एकच चप्पल. पुढचे अकरा महिने आम्ही फक्त स्क्रीनवर भेटलो. दरम्यान माझी नोकरी गेली आणि मी 'फ्रीलान्सर' झाले. बेकार या शब्दाचं हे लेटेस्ट व्हर्जन!

तिचे बाबा तिला घेऊन कारने लातूरला मावशीकडे निघाले होते. नांदेडमध्ये थांबायला वेळ नव्हता, पण काका फाट्यावर खिचडी खाल्ल्याशिवाय पुढे जाणार नव्हते. 'तूच ये की तिथे,' रूमी म्हणाली. तसंही तिला घरी बोलवायचा प्रश्नच नव्हता. घरात अठ्ठ्याहत्तर वर्षांची आजी, तिला शुगर आणि बीपी दोन्ही. त्यामुळे मोकळ्यावर भेटायचं असा आमचा सॉलिड सेफ प्लॅन ठरला. मी स्कूटी काढली, मास्कवर स्कार्फ बांधला आणि निघाले.

भेट जेमतेम पन्नास मिनिटांची. हॉटेलच्या बाहेरच्या बाजूला, पत्र्याच्या छपराखाली प्लास्टिकच्या खुर्च्या. काका वऱ्हाडी ठसक्यात म्हणत होते, 'अवो, जेवून घ्या नं पोट्टेहो, गोष्टी मंग!' आणि आम्ही काही ऐकत नव्हतो. अकरा महिन्यांचं साचलेलं होतं. तिचं लग्न ठरता ठरता मोडलं होतं, ते तिनं फोनवर सांगितलंच नव्हतं. तिथे सांगितलं, अर्धी खिचडी ताटात तशीच ठेवून. निघताना मी तिला मिठी मारली. ती मिठी मी आजही परत मारेन, तेव्हा त्यावरून कुणी लेक्चर देऊ नये ही विनंती.

त्याच संध्याकाळी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे टीव्हीवर आले. 'मी जबाबदार' मोहीम जाहीर केली आणि लॉकडाऊन हवा की नको ते पुढच्या आठ दिवसांत ठरेल असं सांगितलं. त्याच दिवशी बातमी आली, की अमरावतीत सोमवारी रात्रीपासून आठवडाभर लॉकडाऊन. अमरावती! आई ताट वाढता वाढता थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. काही बोलली नाही. आई लोकांना ते बरोब्बर जमतं.

बुधवारी सकाळी रूमीचा फोन. सोमवारी रात्री ताप आला होता, काकांना मंगळवारी. लातूरला टेस्ट केली, दोघंही पॉझिटिव्ह.

मला आधी काय वाटलं असेल? तिची काळजी? नाही हो. सगळ्यात आधी मी मनातल्या मनात मोजलं : रविवार ते बुधवार, तीन दिवस. काळजी त्यानंतर दहा सेकंदांनी आली. त्या दहा सेकंदांचा विचार मी तेव्हापासून बऱ्याचदा केलाय.

मग सुरू झाला पंचनामा. मी वरच्या मजल्यावरच्या खोलीत स्वतःला बंद केलं आणि आमच्या भेटीचा एकेक मिनिट तपासायला घेतला. ती माझ्या डाव्या हाताला बसली होती, वारा कुठून होता? वर पत्रा, तीन बाजू उघड्या, एका बाजूला भिंत, याला 'बाहेर' म्हणायचं का? ती हसताना खोकली होती, एकदा की दोनदा? आणि ते हसणं होतं की ठसका? मिरची तर तिनं खाल्ली होती. मिठी तीन सेकंदांची की पाच? जिच्यासोबत चार वर्षं एका खोलीत एकाच पांघरुणात शिरून सिनेमे बघितले, तिच्या श्वासांचा मी हिशेब मांडत होते. लग्न मोडल्याचं सांगताना तिचा आवाज कापरा झाला होता. मला तेव्हा पडलेला प्रश्न असा, की ती मोठ्यानं बोलली की हळू? कारण मोठ्यानं बोललं की तोंडावाटे थेंब जास्त उडतात, हे मी कुठेतरी वाचलं होतं.

मास कॉमचा एक तोटा सांगते. आम्हाला सगळं शोधून काढायची सवय लागते आणि सापडलेलं सहन करायची मात्र कुणी शिकवत नाही. लक्षणं दिसायला साधारण पाच दिवस लागतात हे कळलं. ज्यांना लक्षणं येतात त्यांच्यातल्या शंभरातल्या सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव जणांना ती साडेअकरा दिवसांच्या आत येतात, हेही कळलं. आणि नको ते कळलं, की ताप यायच्या आदल्या एक-दोन दिवसांत माणूस विषाणू सगळ्यात जास्त पसरवत असतो. म्हणजे आमचा रविवार!

मग सापडला एक चिनी अभ्यास. 2020च्या जानेवारी-फेब्रुवारीतल्या 7,324 रुग्णांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या होत्या. त्यात उघड्यावर लागण पसरल्याचं प्रकरण किती? एक. हेनान प्रांतातल्या एका खेड्यात सत्तावीस वर्षांचा एक तरुण वुहानहून परतलेल्या माणसाशी घराबाहेर बोलला, 25 जानेवारीला. 1 फेब्रुवारीला त्याला लक्षणं दिसली. बास. बाकी सगळा खेळ घरात, बसमध्ये, बंद खोल्यांत. कुठल्याही शहाण्या माणसाला यावर गाढ झोप लागली असती. मला मात्र रात्रभर तो एक तरुण दिसत राहिला. दोघं कशाबद्दल बोलले असतील? त्यानंही नंतर वाऱ्याची दिशा आठवली असेल का?

गंमत अशी, की अकरा महिने आपण सगळे भलत्याच दिशेनं लढत होतो. आठवतं ना, दुधाच्या पिशव्या साबणानं धुणं, भाजी तीन तास उन्हात, पेपर बंद? 'कोविड हवेतून पसरत नाही,' असं जागतिक आरोग्य संघटनेनं 28 मार्च 2020ला ठणकावून सांगितलं होतं. कोंदट, गर्दीच्या बंद जागांतल्या हवेतून तो पसरतो हे तिच्या वेबसाइटवर स्पष्टपणे यायला 2021चा एप्रिल संपत आला. तेव्हा फाट्यावर आम्ही दोघींनी सॅनिटायझर किमान सहा वेळा चोळलं, त्याच्या वासात खिचडीची चव गेली, आणि खरी राखण करत होता तो रस्त्यावरून येणारा वारा.

खोलीत माझ्या सोबतीला तीन वस्तू होत्या : थर्मामीटर, ऑक्सिमीटर आणि झंडू बामची डबी. दर तासाला बाम हुंगायचा. वास आला की हुश्श! ऑक्सिमीटर एकदा 93 दाखवून गेला आणि माझे हातपाय गार पडले. मग लक्षात आलं, बोटाला गडद नेलपॉलिश आहे. पुसलं, 98.

आजी जिन्याच्या खालच्या पायरीवर येऊन बसायची. 'काय करायलीस गं वर? खोकलायलीस का?' मी दारामागून ओरडायचे, 'नाही गं!' ती म्हणायची, 'मग भ्यायलीस कशाला?' तिच्या आईनं तिला प्लेगच्या गोष्टी सांगितल्या होत्या. 'पिलेग आला की लोक गाव सोडायचे, रानात झोपड्या टाकायचे. मोकळ्या हवेत माणूस जगतं.' आजी शाळेत चौथीपर्यंत. मी एवढे रिसर्च पेपर डाउनलोड करून जिथे पोचले, तिथे ती आधीपासूनच पाय पसरून बसली होती.

पण माझी भीती तिच्याचसाठी होती. 1 मार्चपासून साठीच्या पुढच्यांना लस सुरू होणार होती. म्हणजे वर्षभर आम्ही तिला देवघरातल्या समईसारखं जपलं, लस आठवड्यावर आली, आणि आता मी...? हे वाक्य मी कधीच पूर्ण केलं नाही. पाचव्या दिवशी आरटी-पीसीआर केली, रविवारी रिपोर्ट आला, निगेटिव्ह. तरी चौदा दिवसांचं गणित बाकी होतंच. तिकडे हिंगोली जिल्ह्यात 1 ते 7 मार्च संचारबंदी लागली. माझे चौदा दिवसही 7 मार्चलाच संपत होते. फाटा आणि मी एकाच वेळी कोंडलेले!

हिंगोलीला याची सवय होती म्हणा. 2020च्या एप्रिलमध्ये मालेगावच्या बंदोबस्तावरून परतलेले राज्य राखीव दलाचे जवान पॉझिटिव्ह निघाले, तेव्हाही लोकांना आधी हेच विचारायचं होतं : कुठून आणला? आता विचारत होती रूमीची लातूरची मावशी. तिचा निकाल तयार होता : 'नांदेडच्या पोरीला भेटायला थांबलात, तिथंच लागला.' मुळात आम्ही भेटलो हिंगोली जिल्ह्यात, पण ते जाऊ द्या. रविवारी लागण होऊन सोमवारी ताप येणं फार फार अवघड, एवढं मला पाठ झालं होतं. मी रूमीला तेच समजावलं, आकड्यांसकट, आलेखासकट. एका वकिलाच्या थाटात मी स्वतःला निर्दोष सोडवून घेतलं. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, 'म्हणजे अमरावतीहून मीच घेऊन निघाले. बाबांना मीच दिला.'

यावर काय बोलायचं? काका त्या दिवशी लातूरच्या एका हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजनवर होते. एकाच घरात राहणारी, एकाच कारमधून काचा लावून दोनशेहून जास्त किलोमीटर आलेली दोन माणसं. कुणी कुणाला दिला हे ब्रह्मदेवही सांगू शकला नसता. मी तसं म्हणाले. तिला पटलं नाही. नंतर काकांनी मला फोनवर सांगितलं, की त्यांची खात्री होती त्यांनीच तिला दिला. ते बँकेत पेन्शनच्या रांगेत उभे राहिले होते म्हणे. दोघं एकमेकांना हे बोलले नव्हते, दोघंही मला सांगत होते. चौदा दिवस मी स्वतःला पेशंट समजत होते, आणि निघाले टेलिफोन एक्स्चेंज!

7 मार्चला मी खाली आले. मला काहीही झालं नव्हतं. आजीनं माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि म्हणाली, 'वाळलीस.' (वजन दीड किलोनं वाढलं होतं.) त्याच आठवड्यात तिला लसीचा पहिला डोस मिळाला. काका तेरा दिवसांनी घरी गेले. आवाज मात्र पूर्वीचा राहिला नाही, दोन वाक्यांनंतर दम लागतो.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. 25 मार्चपासून नांदेडला लॉकडाऊन. त्याच्या आदल्या दिवशी केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं महाराष्ट्रातल्या नमुन्यांमध्ये 'डबल म्युटेशन' सापडल्याचं सांगितलं. त्या घराण्यातल्याच एका विषाणूला मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी 'डेल्टा' नाव मिळालं. त्याआधी, 16 मेला, कळमनुरीचे राजीव सातव पुण्यात गेले. कोविडमधून उठतायत असं वाटत असतानाच दुसऱ्या विषाणूनं गाठलं. वय 46. आमच्या भागातले लोक त्यानंतर 'कुणाकडून लागला' हा प्रश्न विचारेनासे झाले. विचारायला घरटी एक नाव होतं.

रूमी आणि मी आता दोघी पुन्हा पुण्यात आहोत, वेगवेगळ्या फ्लॅटमध्ये. ती बाणेरला, मी कोथरूडला. तिच्या बाबांबद्दलचा तो हिशेब तिनं अजून बंद केलेला नाही. कधी कधी रात्री फोन करते आणि म्हणते, 'तू मला तो पाच दिवसांचा आकडा परत सांग.' मी सांगते. तिला तो माझ्याइतकाच पाठ आहे.

गेल्या पावसाळ्यात ती माझ्याकडे आली तेव्हा दारातच थांबली. नाक लाल, हातात रुमाल. 'साधी सर्दी आहे गं. पण आजी आलीय ना तुझी?' आजी आतून ओरडली, 'कोण आलंय? आत ये की!' रूमी आत आली नाही. मी गॅलरीत दोन खुर्च्या टाकल्या, तिसरी आजीनं स्वतःच ओढत आणली आणि आमच्या मधोमध ठेवली.