सोबत कुणाला न्यायचं?

मराठी माणसाला वाद घालायला विषय लागत नाही, माणूस लागतो. विषय काय, बोलता बोलता सापडतो. आमच्या वडिलांच्या पिढीने गावसकर मोठा की विश्वनाथ मोठा या एका प्रश्नावर उभी हयात काढली. मंडळी पेन्शनीत निघाली, नातवंडांची मौंज झाली, पण निकाल लागला नाही. आमच्या पिढीच्या वाट्याला त्याहून बिकट प्रश्न आला. तो असा : दर्लगच्या मनोऱ्यात उतरताना सोबत कुणाला न्यायचं?

दचकू नका. हा मनोरा सातारा जिल्ह्यात नाही आणि तिथे जायला एस. टी.ही नाही. तो ‘बाल्डर्स गेट’ नावाच्या कॉम्प्युटरवरच्या खेळात आहे. कॅनडात एडमंटन म्हणून एक शहर आहे. तिथे १९९५ साली काही तरुण डॉक्टरांनी बायोवेअर नावाची कंपनी काढली आणि १९९८च्या डिसेंबरात तिने हा खेळ बाजारात आणला. आपल्याकडे शिकूनसवरून डॉक्टर झालेला मुलगा खेळ करायला निघाला असता तर त्याची आई देव पाण्यात घालून बसली असती. कॅनडातल्या आयांनी काय केलं ते ठाऊक नाही, पण खेळ मात्र झाला.

तो पाच सीड्यांवर यायचा. मी तेव्हा बी. कॉम.ला होतो आणि आमच्या वर्गात एकाच मुलाच्या घरी कॉम्प्युटर होता. ज्याच्या घरी कॉम्प्युटर तो आमचा कुबेर. तो कुबेर आज माझ्याच शाखेत, माझ्यापासून दोन खिडक्या पलीकडे, कॅशियर आहे. त्याचं नाव सांगत नाही, कारण त्याने तशी अटच घातली आहे. आपण त्याला कॅशियरच म्हणू.

खेळातला नायक एक पोरका जीव. ज्याने त्याला वाढवलं तो म्हातारा पहिल्याच रात्री मारला जातो, आणि नायकावर जंगलातून एकट्याने वाट काढायची पाळी येते. मग रस्त्यात सोबती भेटत जातात. असे एकूण पंचवीस. पण टोळी सहाची, म्हणजे नायक धरून सहा. जागा पाच आणि उमेदवार पंचवीस! ज्यांनी एका सुमोत बसवून सासुरवाडची मंडळी जेजुरीला नेली असतील, त्यांना या खेळाचं मर्म निराळं सांगायला नको.

बरं, सोबती नुसते भेटून भागत नाही. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. मिन्स्क म्हणून एक धिप्पाड योद्धा आहे. त्याची ताकद नियमाप्रमाणे अठरावर त्र्याण्णव आणि शहाणपण सहा. (असे उमेदवार आमच्याकडे सिक्युरिटीत घेतात.) हा एका हॅम्स्टरशी सल्लामसलत करून लढतो. हॅम्स्टरचं नाव बू. बू हा खरा अंतराळातला महाकाय हॅम्स्टर असून सध्या लहान आकारात आहे, असं मिन्स्कचं ठाम मत. त्याची मालकीण डायनाहीर एका किल्ल्यात अडकलेली आहे, तिला सोडवायला चला म्हणून तो मागे लागतो, आणि तुम्ही फार दिरंगाई केलीत तर तुमच्यावरच उलटतो. त्याच गावात एडविन नावाचा लाल झग्यातला मांत्रिक भेटतो. तो म्हणतो, त्याच डायनाहीरला मारायला चला. दोघांनाही ‘हो’ म्हणणारे लोक असतात. ते पुढे मॅनेजर होतात.

शिवाय पत नावाची भानगड आहे. टोळीची पत एकपासून वीसपर्यंत मोजतात. सत्कृत्य केलं की वाढते, निरपराध माणसाला मारलं की घसरते. पत चांगली असली की दुकानदार माल स्वस्त देतात, अगदी सिबिल स्कोअर बघून व्याजदर ठरावा तसं. पण ती फार वाढली की टोळीतली दुष्ट मंडळी कुरकुर करतात आणि शेवटी सोडून जातात. फार घसरली की सज्जन जातात. म्हणजे सगळ्यांना धरून ठेवायचं तर माणसाने मध्यम चांगलं राहावं. हे तत्त्व मध्यमवर्गाला कुणी शिकवावं लागत नाही.

वाणिज्य शाखेच्या माणसाला एकच गोष्ट पचायला जड गेली. या खेळात चिलखत जितकं भारी तितका त्याचा आकडा कमी. शून्य झाला तर उत्तम, उणे झाला तर त्याहून उत्तम. आयुष्यभर ‘उणे शिल्लक’ म्हटलं की पोटात गोळा येणारी माणसं आम्ही, आणि इथे उणे पाच झालं म्हणून पेढे वाटायचे!

आता मुख्य वादाकडे वळतो. माझा पक्ष मिन्स्कचा. तो आघाडीला उभा केला की मागच्यांनी निश्चिंत चहा प्यावा. कॅशियरचा पक्ष खालिदचा.

खालिद कोण? जाहीरा नावाच्या एका करारी बाईचा नवरा. हे जोडपं एका सराईत नायकाची वाट बघत बसलेलं असतं. त्यांना जोडप्यानेच घ्यावं लागतं. एकाला निरोप दिलात की दुसरंही उठून जातं. जाहीरा फटकळ. खालिद लढवय्या, पण भित्रा. प्रसंग बाका आला की भेदरून भलतीकडे पळत सुटतो. आणि बोलताना अडखळतो. प्रत्येक वाक्याच्या तोंडाशी त्याचं एक अक्षर तीनदा येतं.

आमच्या कंपूत खालिद म्हणजे हसण्याचा विषय. त्याचं वाक्य आलं की पोरं कोरसमध्ये नक्कल करायची. फक्त कॅशियर हसायचा नाही. याचं कारण एव्हाना चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आलं असेल. कॅशियरही अडखळतो. लहानपणापासून. ‘प’ आणि ‘ब’ ही त्याची दोन हाडवैरी अक्षरं, आणि नशिबाने नोकरी मिळाली ती नेमकी बँकेत, पैसे मोजायची. नोटा मोजताना मात्र तो कधी चुकत नाही. काउंटरवर कुणी घाईचा ग्राहक त्याचं वाक्य पुरं करून देतो, कुणी गालात हसतो. कॅशियर मान खाली घालून शिक्का मारतो.

“खालिदला घेऊन काय करायचं?” मी विचारायचो. “ऐन वेळी पळतो!”

“त्याचं शरीर सतरा आहे, च-चपळाई सोळा,” कॅशियर आकड्यांनी सुरुवात करायचा, कारण आकड्यांना कुणी हसत नाही. मग जरा थांबून म्हणायचा, “आणि घ-घाबरतो, पण येतो ना?”

या प्रश्नाला मिन्स्कच्या बाजूने उत्तर नाही. मिन्स्क घाबरतच नाही, त्यामुळे त्याचं येणं हिशेबात धरता येत नाही. पण वादात उत्तर नसणं आणि हरणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे प्रत्येक मराठी माणूस जाणतो.

हा वाद पेटायचा तो भुयारांवरून. घरात बसून सगळेच शूर. खरी परीक्षा तळघरात. या तळघरांचा मूळपुरुष गॅरी गायगॅक्स. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागदावर आणि फाशांवर खेळायचा खेळ त्याने डेव्ह आर्नेसनच्या साथीने १९७४ साली काढला. त्याआधी हा गृहस्थ विमा कंपनीत अंडररायटर होता, म्हणजे आपल्याच बिरादरीतला. आपल्याला कुठलंही भुयार पार करता येतं अशा फुशारक्या मारणाऱ्यांची जिरवायला त्याने १९७५ साली एक थडगं रचलं, ‘टूम ऑफ हॉरर्स’. त्यात भिंतीवर राक्षसाचा एक हिरवा चेहरा आहे, तोंड वासलेला. पुढे वाट असेल म्हणून जो त्या तोंडात शिरला तो संपला. हाडही मागे उरत नाही. जोखीम मोजायला बसलेला माणूस संतापला म्हणजे काय करतो, त्याचा हा नमुना.

कॉम्प्युटरवर हेच १९८१ साली ‘विझर्ड्री’ने आणलं. अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड या दोघांनी केलेला खेळ. दहा मजल्यांचं तळघर, प्रत्येक मजला वीस बाय वीस चौकटींचा, आणि नकाशा ज्याचा त्याने आलेखाच्या कागदावर काढायचा. टोळी मेली तर मेली. नवी टोळी उभी करायची आणि जुन्यांचे देह आणायला खाली पाठवायची. त्या मानाने आमच्या पिढीचे लाड झाले. आम्हाला जागोजाग डाव जपून ठेवायची सोय होती.

पण दर्लगच्या मनोऱ्याने तीही पुरती वापरायला लावली. हा मनोरा १९९९ साली पुरवणी म्हणून आला. दर्लग हा एक पराक्रमी बुटका. त्याने आपल्या गोतावळ्यासाठी मनोरा बांधला. मग तिथे रूप पालटणारे राक्षस शिरले आणि एकेक करून त्याच्या बायकामुलांचे, सग्यासोयऱ्यांचे चेहरे घेऊन वावरू लागले. दर्लगला ते आपल्या हातांनी मारावे लागले. त्यानंतर त्याचा कुणावरच विश्वास राहिला नाही, आणि त्याने पायरीपायरीला सापळे लावले. एका मजल्यावर प्रीती, भय, गर्व आणि लोभ अशा नावांचे चार रखवालदार उभे आहेत. खालच्या एका दालनात जमिनीवर बुद्धिबळाचा पट आहे. तिथे तुमचे सहा जण सोंगट्या होतात आणि प्रत्येकाने आपापल्या मोहऱ्याच्या चालीनेच चालायचं. पाऊल चुकलं की वीज कोसळते.

इथे ताकदीचा उपयोग थोडा. पुढे चालतो तो सापळे हुडकणारा चोर, मुंगीच्या पावलाने. बाकीचे त्याच्या मागे. मिन्स्कला धीर नाही. तो शत्रू दिसला की धावतो आणि तीन सापळे एकदम उडवतो. “ब-बघ,” कॅशियर म्हणायचा, “भिणारा माणूस सांगितल्या जागी उभा राहतो.” मी म्हणायचो, “तळाशी तो राक्षसी सरदार भेटला की कुठे उभा राहतो ते सांग.” रात्री दोनपर्यंत हे चालायचं. शेवटी त्याची आई आतून विचारायची, “अरे, परीक्षेत हे येणार आहे का?”

२००० साली खेळाचा दुसरा भाग आला. सुरुवातच एका भुयारात. जाहीरा पिंजऱ्यात सापडते. आणि थोडं पुढे, एका दालनात, खालिद मरून पडलेला. पहिल्या भागात तुम्ही त्याला नेलं असो वा नसो, तो मेलेलाच. कुठल्याही मंत्राने उठत नाही.

कॅशियरने काही न बोलता सीडी काढली, पाकिटात घातली आणि मला देऊन टाकली.

ते पहिलं भुयार इतकं रटाळ आहे की परत परत खेळणाऱ्या लोकांनी ते गाळायची सोय करणारी वेगळी जोडणीच तयार केली. कॅशियरला ती चालली नाही. त्याचं म्हणणं, भुयार गाळता येतं, ब-बातमी गाळता येत नाही. तेव्हापासून आजतागायत तो फक्त पहिला भाग खेळतो. २०२३ साली तिसरा भाग आला, त्यात जाहीराही आहे आणि मिन्स्कही, बूसकट. मी विजयी मुद्रेने ही बातमी त्याच्या खिडकीवर नेली. तो म्हणाला, “ज-जाहीरा एकटीच?” आणि पुढचं टोकन पुकारलं.

हे सगळं आज आठवायचं कारण असं की, कॅशियर इतकी वर्षं प्रमोशनचा अर्ज भरत नव्हता. लेखी परीक्षेत तो आम्हा सगळ्यांना विकत घेईल. अडचण मुलाखतीची. तिथे ‘प’ आणि ‘ब’ दोन्ही लागतात. यंदा अर्जाची तारीख संपायच्या दिवशी तो माझ्या टेबलाशी आला, भरलेला फॉर्म पुढे ठेवला आणि म्हणाला, “घाबरतोय.” मी म्हटलं, “पण येतोयस ना?” त्यावर तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. बहुधा आपलं वाक्य विरुद्ध पक्षाने वापरलेलं त्याला आवडलं नसावं.

या खेळात एक नियम आहे. सगळे सहा जण एका जागी गोळा झाल्याशिवाय खेळ तुम्हाला पुढच्या मुलुखात जाऊ देत नाही. एकही मागे राहिला तर एक धीरगंभीर आवाज बजावतो. त्या नियमाला जागून मी एक सी. एल. टाकली आणि मुलाखतीला त्याच्याबरोबर मोठ्या ऑफिसात जाऊन बाकावर बसलो. बाकीचे उमेदवार दहा-दहा मिनिटांत बाहेर येत होते. कॅशियर पस्तीस मिनिटं आत होता.

परतीच्या गाडीत त्याने सांगितलं. विचारलं होतं, कठीण प्रसंगात हाताखालच्यांकडून काम कसं करून घ्याल? याने सांगितलं, ज्याला धोका आधी दिसतो त्याला पुढे ठेवीन. सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या चालीने सगळ्यांना नेईन. घाबरणाऱ्याला घरी पाठवणार नाही, खंबीर माणसाच्या शेजारी उभा करीन. अडखळत सांगितलं, पण शेवटपर्यंत सांगितलं, आणि साहेबांपैकी कुणीही त्याचं वाक्य पुरं करून दिलं नाही.

“खंबीर माणसाच्या शेजारी म्हणजे मिन्स्कच्याच,” मी म्हटलं.

“ज-जाहीराच्या,” तो म्हणाला, आणि दादर येईपर्यंत आमचं पुन्हा जुंपलं. समोरचा गृहस्थ पेपर बाजूला ठेवून ऐकत होता. उतरताना त्याने विचारलं, “हे मिन्स्क कुठल्या ब्रँचला असतात?”

निकाल पुढच्या महिन्यात लागेल. मुलाखतीचा. वादाचा नव्हे.